ओरिन हॅस्केटचा हलका तंबू

विलो फोर्क गावात रायफल नसलेलं घर शोधायला निघालात तर संध्याकाळ होईल. पाळकाच्या घरीसुद्धा दोन आहेत. अशा गावात राहून ओरिन हॅस्केटने पस्तीस वर्षांत एक ससासुद्धा मारला नव्हता. तरीही ऑगस्ट उजाडला की गावातला सगळ्यात जास्त वाजणारा फोन त्याचाच असायचा, कारण ओरिन शिकाऱ्यांचे तंबू शिवायचा.

घरामागे, जिथे बाकीचे लोक गाडी ठेवतात, तिथे त्याचं कामाचं ठिकाण होतं. खोगीर शिवायचं एक जुनं काळं यंत्र, बारा फुटी टेबल, खिळ्यांना टांगलेली दाभणं आणि कोपऱ्यात उभे केलेले कॅनव्हासचे तागे. तो शिवायचा ते तंबू म्हणजे कापडाचं घरच. कमरेइतक्या उभ्या भिंती, वर उतरतं छप्पर, आत लोखंडी शेगडी, धुराडं बाहेर काढायला पत्र्याची चौकट. चार माणसं खाटा टाकून झोपणार, ओले मोजे दोरीवर वाळणार, सकाळी बेकन तळलं जाणार. असा एक तंबू उचलायला एक खेचर लागतं आणि त्याची काठ्या-शेगडी न्यायला दुसरं. ओरिनला त्यात काही वावगं वाटत नसे. खेचरं कशासाठी असतात?

स्वभावाने माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नायलॉनच्या तंबूचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. "नायलॉन रेनकोटला ठीक आहे," तो म्हणायचा. "त्याच्या तंबूत माणूस झोपत नाही, नुसता ओला होत पडून राहतो." हे तो इतक्या वेळा म्हणाला होता की लोक त्याच्यासमोर मुद्दाम विषय काढायचे.

शिकार करायची ती त्याची बायको व्हर्डा. व्हर्डा गावच्या पोस्टात काम करायची, एकसष्ट वर्षांची, बुटकी, रुंद खांद्यांची आणि कमी बोलणारी. दर हेमंतात दोघं दहा दिवस डोंगरात जायची. ओरिन तंबू उभारायचा, लाकडं फोडायचा, स्वयंपाक करायचा. व्हर्डा एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जायची. गावाला या उलट्या संसाराची फार गंमत वाटे. दुकानात कुणीतरी विचारायचंच, "काय ओरिन, बायकोने या वर्षी काय मारून आणलं?"

"एल्क. सहा फाट्यांच्या शिंगांचा," ओरिन शांतपणे सांगायचा. "तुझ्या बायकोने?"

मग विचारणारा पैसे देऊन निघून जायचा.

त्या वर्षी जूनमध्ये एक पत्र आलं. आमच्या डोंगरात मोठ्या वळलेल्या शिंगांचे मेंढे आहेत. त्यांच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो आणि एकदा मिळाला की पुन्हा कधी मिळत नाही. माणसं अर्ज भरता भरता म्हातारी होतात आणि मरतात. हॅस्केट नवराबायको तेवीस वर्षं व्हर्डाच्या नावाने अर्ज भरत होती. ते पत्र पोस्टात व्हर्डाच्याच हाताखालून गेलं. तिने पाकीट ओळखलं, उघडलं नाही, पोस्टातल्या आपल्या टपालाच्या खणात टाकलं, पाच वाजेपर्यंत लोकांची तिकिटं विकली, मग खिडकी बंद करून बाहेरच्या बाजूने आली आणि आपल्या किल्लीने खण उघडून पत्र घेतलं. नियम म्हणजे नियम. घरी येऊन तिने ते ओरिनच्या टेबलावर कॅनव्हासवर ठेवलं. परवाना मिळाला होता.

ओरिनने पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. त्याला खरोखरच रडू आलं होतं.

"कुठलं खोरं?" त्याने विचारलं.

"किटली."

ओरिनचा चेहरा उतरला. किटली म्हणजे साडेनऊ हजार फुटांवरचं, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेलं खोरं. तिथे जायला वाट आहे ती शेवटच्या दोन मैलांत मोठमोठ्या सुट्या दगडांच्या उतारावरून. त्यावर माणूस हातापायांनी चढतो. खेचर नाही चढत. ओरिनचा तंबू त्या वाटेने जाणं शक्य नव्हतं, आणि पाठीवर राहील असा तंबू ओरिनने आयुष्यात शिवला नव्हता.

व्हर्डाचा धाकटा भाऊ लमार गॅसच्या टाक्या पोचवायचं काम करायचा आणि पगाराचा मोठा भाग शिकारीच्या सामानावर उडवायचा. त्याला बातमी कळली तशी शनिवारी सकाळी तो तीन तंबू घेऊन हॅस्केटांच्या अंगणात हजर झाला. आमच्याकडे तंबू घ्यायचा म्हणजे तो आधी अंगणात उभा करायचा, शेजारपाजाऱ्यांनी त्यावर मतं द्यायची आणि बागेच्या नळीने त्यावर पाणी मारायचं. शेजारची आयलीनबाई नळी हातात धरून आधीच उभी होती.

पहिला तंबू होता एका माणसाचा, नऊशे ग्रॅमचा. ओरिन त्यात सरपटत शिरला तर त्याचे बूट बाहेर राहिले.

"लमार," तो आतून म्हणाला, "हे शिवणाऱ्याने माप कुणाचं घेतलं होतं? मेलेल्या माणसाचं?"

"नऊशे ग्रॅम आहे, ओरिन! पाठीवर आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

"आत आहे की बाहेर तेही कळत नाही."

व्हर्डाने वाकून पाहिलं. "यात दुसरं माणूस कुठे झोपणार?"

"दोन घ्यायचे. तुझा वेगळा, त्याचा वेगळा."

"अडतीस वर्षं संसार केला," व्हर्डा म्हणाली, "आता म्हातारपणी वेगळी चूल मांडू होय?"

दुसरा तर तंबूच नव्हता, नुसतं एक कापड. दोन काठ्यांवर ताणायचं आणि खाली झोपायचं. आयलीनबाईने त्यावर पाणीसुद्धा मारलं नाही. "असलं आम्ही सरपणावर घालतो," ती म्हणाली.

तिसरा मात्र निराळा होता. मधोमध एक काठी, चारी बाजूंनी उतरतं कापड, खाली जमीन मोकळी. आत घडीची पत्र्याची चूल, तिला गुंडाळी करता येईल असं पातळ धुराडं. काठीसकट तंबू अडीच किलोंचा, चूल वर एक किलो. दोन माणसं सामानासकट मावत होती. आयलीनबाईने त्यावर नळीचं पाणी सोडलं. व्हर्डा आत मांडी घालून बसली, दहा मिनिटांनी कोरडी बाहेर आली आणि म्हणाली, "हा बरा आहे."

ओरिन शिवणीजवळ गेला आणि नख लावून बघायला लागला. "टाके बघितलेस का? इंचाला पाच. आणि कोपऱ्याला दुसरा थरसुद्धा नाही. जोराचा वारा आला की इथून जाणार."

"गेल्या वर्षी यातच मी नऊ दिवस काढले," लमार म्हणाला. मग जरा चाचरत त्याने मनातलं सांगितलं. "ताई, खरं बोलू? मी येतो ना तुझ्याबरोबर. ओरिनचे गुडघे काय आहेत ते तुला माहीत आहे. त्या दगडांवरून तो सामान घेऊन चढणार कसा? माझा तंबू, माझी चूल. तू फक्त मेंढा बघायचा."

"इतकी नावं ठेवणाऱ्याने एक शिवून दाखवावा म्हणते मी," आयलीनबाई कुणाकडेही न बघता म्हणाली.

व्हर्डाने नळ बंद केला आणि ओरिनकडे वळली. "सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत," ती म्हणाली. "याच अंगणात उभा राहिला पाहिजे. आपण दोघं त्यात मावलो पाहिजे, चूल पेटली पाहिजे आणि वजन अडीच किलोंच्या आत. नाहीतर मी लमारबरोबर जाईन. मला हे पुन्हा मिळणार नाही, ओरिन."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर ओरिनने तिची समजूत घातली असती. तेवीस वर्षं तिच्याबरोबर स्वयंपाकघराच्या टेबलावर तो अर्ज भरायला बसला होता, आणि आता त्या एका आठवड्यात तिला सकाळची कॉफी लमारने करून द्यायची आणि आपण घरी बसून खिडकीतून डोंगर बघायचा, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. त्याला जायचं होतं. तिच्या त्या एका शिकारीत त्याला तिच्या सोबत असायचं होतं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

नायलॉनचा तागा आला तेव्हा ओरिनने तो दोन बोटांत उचलला, सडका मासा उचलावा तसा. पातळ, निसरडं कापड. टेबलावर पसरलं की खाली घसरायचं. खोगिराच्या यंत्राने पहिल्या दहा टाक्यांतच त्याची चाळण केली. मग त्याने व्हर्डाचं झगे शिवायचं यंत्र मागून घेतलं, बारीकात बारीक सुई आणली, आणि टाचण्यांची भोकं राहतात म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून कापड धरलं. पस्तीस वर्षं कारागीर म्हणवणाऱ्या माणसाला जुलैभर सरळ शिवण घालता येत नव्हती. कामाच्या ठिकाणातून येणाऱ्या शिव्या ऐकून आयलीनबाईने खिडकी लावून घेतली, मग कुतूहलाने पुन्हा उघडली.

पहिला तंबू झाला तो तीन किलो शंभर ग्रॅमचा. सवयीने त्याने प्रत्येक कोपऱ्याला तीन थर दिले होते. तो उसवून त्याने दुसरा बेतला. आणि मग एके दुपारी त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. लमारला फोन करून विचारलं, "ते शिवणीवर काय लावतात रे, पाणी येऊ नये म्हणून?"

लमार नुसतं सांगून मोकळा झाला असता तरी चाललं असतं. पण तो पाणी अडवणाऱ्या रसाच्या ट्यूब घेऊन स्वतः आला आणि अख्खी दुपार गुडघ्यांवर बसून शिवणींना तो चिकट रस लावत राहिला. म्हणजे स्वतःच्या जाण्यावर स्वतःच पाणी सोडत होता. जाताना आपली चूलही ठेवून गेला. "उसनी आहे," तो म्हणाला. "वाकवून आणू नकोस." माणूस बडबड्या असला तरी मनाचा चांगला होता, हे ओरिनला त्या दिवशी कबूल करावं लागलं.

ठरलेल्या सोमवारी मासे तोलायच्या काट्यावर तंबू आणि काठी टांगली. दोन किलो दोनशे साठ. आयलीनबाईने अर्धा तास नळी मारली, कोपरे धरून धरून मारली. व्हर्डा आत जाऊन आडवी झाली. ओरिन शेजारी आडवा झाला.

"ओरिन," ती म्हणाली, "तुझ्या पायांना वास येतो. मोठ्या तंबूत इतकी वर्षं कळलंच नाही."

"म्हणजे चालेल?"

"चालेल की."

सप्टेंबरच्या अखेरीस दोघं निघाली. सात मैलांची चाल, शेवटचे दोन मैल दगडांचे. ओरिन ते बसून, सरकून, एकदा चक्क उलटा होऊन चढला. व्हर्डा पुढे जाऊन थांबायची आणि दुसरीकडे बघायची, म्हणजे त्याला ओशाळल्यासारखं होऊ नये. खोऱ्यात पोचल्यावर मात्र अधिकार त्याचा होता. व्हर्डाने तळ्याकाठी एक सपाट जागा दाखवली. नको, रात्री गारठा पाण्याशी उतरतो. झाडांखालची? त्यातलं एक झाड वाळलेलं होतं आणि वाळलेलं झाड कुणाच्या अंगावर पडायचं ते आधी सांगत नाही. वरच्या माळावर? संध्याकाळी हवा डोंगरावरून खाली सरकते. वर मुक्काम केला तर आपला वास सगळ्या खोऱ्यात उतरेल आणि मेंढे पळून पलीकडच्या राज्यात जातील.

"घर बांधायचंय का इथे?" पाऊण तासाने व्हर्डा म्हणाली. पण ती थांबली. शेवटी एका खडकाळ उंचवट्याच्या आडोशाला, खोऱ्याच्या तोंडाशी, तिला स्वतःहून दिसली नसती अशी जागा त्याने काढली. तंबू ढोलासारखा ताणून उभा राहिला. चूल पेटली. सुक्या मांसाचे तुकडे घालून केलेलं बटाट्याचं सूप प्यायलं आणि दोघं सुखाने झोपली.

दुसऱ्या दिवशी व्हर्डाला काही दिसलं नाही. संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले आणि बर्फाळ पाऊस भुरभुरायला लागला. व्हर्डा आत बूट काढत होती. ओरिन बाहेर गेला, तंबूभोवती एक फेरी मारली, प्रत्येक दोर दोन-दोन बोटं सैल केला आणि समाधानाने आत येऊन दार लावलं.

आता, कॅनव्हासच्या माणसाला यात काही विशेष दिसणार नाही. सुती कापड आणि सुती दोर भिजले की आखडतात. पावसाआधी ते सैल केले नाहीत तर खुंट्या उपटून येतात नाहीतर शिवण फाटते. ओरिनने आयुष्यभर पाऊस आला की हेच केलं होतं. तो हे ठरवून करत नव्हता, त्याचे हात करत होते. पण नायलॉन भिजलं की आखडत नाही, उलट सैल पडतं. त्याचे दोर पावसात आवळायचे असतात. अंगणात हे कधी कळलं नव्हतं, कारण आयलीनबाईच्या नळीला ढग नसतात आणि नळी बघून ओरिनचे हात दोरांकडे गेले नव्हते. जित्याची खोड म्हणतात ती ही.

पहाटे ओरिनला जाग आली ती तोंडावर ओलं कापड आल्याने. रात्रभर पावसाचा बर्फ झाला होता, सैल कापडावर साचला होता आणि तंबू दोघांच्या अंगावर येऊन बसला होता. धुराडं वाकलं होतं. त्याच्या बाजूला कापड जमिनीला घट्ट चिकटलं होतं, पण व्हर्डाच्या बाजूला कडेने पाणी आत आलं होतं आणि तिची पिसांची झोपायची पिशवी गुडघ्यांपासून खाली भिजून चपटी झाली होती. ती रात्रभर पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि त्याला उठवलं नव्हतं.

ओरिन कापडाखालून सरपटत बाहेर आला. दोर हातात घेतला आणि त्याला काय झालं ते कळलं. तो तिथेच बर्फात बसला.

"मी सैल केले," तो म्हणाला. व्हर्डा एव्हाना बूट चढवून बाहेर आली होती. "व्हर्डा, मी माझ्या हातांनी सैल केले. लमारने हे केलं नसतं. त्याला ठाऊक आहे. तू खाली जा, आजच जा. शिकारीचे पाच दिवस आहेत अजून. त्याला घेऊन परत ये. ओल्या पिशवीत या थंडीत झोपलीस तर मरशील."

व्हर्डाने दोराकडे पाहिलं, तंबूकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. "सगळ्या राज्याचे तंबू शिवणारा माणूस," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या घरचं छप्पर बायकोच्या डोक्यावर पाडलं."

"हसू नकोस गं. मी तुझी शिकार घालवली."

"मेंढे खाली गेलेत का?"

"काय?"

"मेंढे रे. ते गेलेत का खाली?"

"नाही. ते कशाला जातील?"

"मग मी कशाला जाऊ?" तिने रायफल खांद्याला लावली, दुर्बीण गळ्यात घातली आणि खिशात दोन सुक्या वड्या टाकल्या. "मी संध्याकाळी येते. तोवर बघ काय करायचं ते. आणि हे बघ, लमार घोरतो. लहानपणापासून घोरतो. तो बरोबर असता तर मी मेले असते ती थंडीने नाही, त्याचा गळा दाबल्याबद्दल फासावर गेले असते."

ती गेली. ओरिन उठला. त्याने बर्फ झटकला, प्रत्येक दोर आवळला, कापड भिजून सैल पडलं की पुन्हा आवळला. धुराडं मांडीवर ठेवून सरळ केलं. चूल पेटवली आणि ती ओली पिशवी तिच्यावर हातभर उंच धरून बसला. ओली पिसं गोळा होतात. बोटांनी एक-एक गुठळी मोडावी लागते, नाहीतर वरून वाळतं आणि आत पाणी राहतं. तो दिवसभर तेच करत राहिला. मध्ये फक्त लाकडं आणायला आणि दोर बघायला उठला. हे काम त्याला येत होतं. दुपारनंतर हात आपोआप चालायला लागले तेव्हा त्याचा जीव हळूहळू थाऱ्यावर आला.

अंधार पडता पडता व्हर्डा परत आली. तंबू ताठ उभा होता, आत उबदार होतं आणि तिची पिशवी फुगून चुलीपासून दूर कोपऱ्यात पसरलेली होती. तिने आत हात घालून बघितला. "पाच आहेत," ती म्हणाली. "उत्तरेच्या कड्याखाली. त्यात एक म्हातारा आहे, शिंग पुरतं वळलेलं." मग सूप प्यायली आणि झोपली.

दोन दिवसांनी सकाळी ओरिनने रायफलचा आवाज ऐकला. एकच. दुसरा आला असता तर काळजी होती. त्याने मोकळी सॅक पाठीवर टाकली आणि आवाजाच्या दिशेने चालायला लागला. व्हर्डा त्या मेंढ्याजवळ बसली होती, हात त्याच्या मानेवर ठेवून, आणि तिने डोळे पुसायची काही घाई केली नाही. ओरिन शेजारी बसला. त्या उंचीवरून त्यांचा तंबू खाली टिकलीएवढा दिसत होता.

मांस सोडवून, शिंगं आणि कातडं घेऊन ओझं इतकं झालं की बाकी काही नेणं शक्य नव्हतं. तंबू, पिशव्या, चूल तिथेच ठेवून दोघं दगडांवरून उतरली. ओरिनला त्या उतारावर काय काय झालं ते तो कधी कुणाला सांगत नाही. पायथ्याशी लमार गाडी घेऊन थांबला होता. शिंगं बघून तो इतका जोरात ओरडला की कावळे उडाले. मग त्याने बहिणीला मिठी मारली आणि नंतर, जरा विचार करून, ओरिनलाही मारली.

मांस फ्रीजमध्ये गेलं, शिंगं वनखात्याला दाखवून झाली, एक दिवस विश्रांती झाली. ओरिनने गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या. "मी वर जाऊन तंबू घेऊन येतो," तो म्हणाला. "तू आता पाय वर करून बस. तुझं काम झालं."

"मी येते," व्हर्डा म्हणाली.

"रिकामं ओझं वाहायला दोन माणसं कशाला?"

"येते म्हटलं ना."

दुपारी बाराच्या सुमारास दोघं किटलीत पोचली. ऊन पडलं होतं, बर्फ वितळला होता आणि तंबू सोडून गेले होते तसाच उभा होता. ओरिनने सॅक टेकवली आणि पहिली खुंटी उपटायला वाकला.

"काय घाई आहे?" व्हर्डा म्हणाली.

तिने बूट काढले, आत गेली आणि आपल्या पिशवीवर उताणी पडली. रायफल घरी होती. दुर्बीणसुद्धा तिने आणली नव्हती. "कॉफी कर," तिने आतून सांगितलं.

ओरिनने चूल पेटवली. पाणी ठेवताना त्याच्या लक्षात आलं की डोंगरात आल्यावर त्याच्या कुठल्याही तंबूत व्हर्डा दिवसाउजेडी कधी बसलीच नव्हती. ती उजाडायच्या आत निघायची आणि अंधार पडल्यावर यायची. जेवायची आणि झोपायची. त्याने केलेलं काम तिने नेहमी कंदिलाच्या उजेडात, तेही अर्धवट झोपेत बघितलं होतं. याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, कारण ते त्याला आजच कळलं.

कापडातून ऊन आत येत होतं आणि सगळ्या शिवणी वर गडद रेषांसारख्या उमटल्या होत्या. व्हर्डा डोक्याखाली हात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. मग तिने एक बोट वर केलं.

"ही इथली शिवण सरळ का नाही नेलीस? अशी फिरवून का घेतलीस?"

ओरिनने पेला तिच्या हाताशी ठेवला आणि शेजारी आडवा झाला. "ती होय," तो म्हणाला. "त्याचं असं आहे, वारा येतो तो कुठून..."

ते सांगून संपायला संध्याकाळ झाली, आणि व्हर्डाने मध्ये आणखी चार शिवणींबद्दल विचारलं. तंबू त्यांनी तिसऱ्या दिवशी उतरवला.